शिशाच्या पट्टीची साक्ष

मागच्या अंकात काळाच्या दिशेवर दीड पान लिहिलं आणि ते अंगाशी आलं. एरवी महिन्याला सात-आठ पत्रं येतात, या वेळी टेबलावर गठ्ठाच पडला. त्यात थोडे प्रश्न आणि बाकी मला शहाणं करणारा मजकूर. डोंबिवलीच्या एका शिक्षकांनी तर माझी चूकच पकडली आहे. ती कबूल करायची आहे, पण जरा पुढे. आधी भुसावळहून आलेलं पत्र.

मी रेल्वेत ३४ वर्षं गार्ड होतो, बहुतेक मालगाडीवर. निवृत्तीनंतर विज्ञानाचे व्हिडिओ बघतो. एकात सांगितलं की पॉझिट्रॉन म्हणजे काळात उलटा जाणारा इलेक्ट्रॉन. हे खरं धरावं, की लोकांनी बघत बसावं म्हणून केलेली युक्ती? आणि खरं असेल तर पॉझिट्रॉनला उद्या काय होणार ते आजच ठाऊक असायला हवं ना? – एक वाचक, भुसावळ

गार्डसाहेब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच नोकरीत आहे. समजा, मी तुम्हाला एका गाडीचा फोटो दाखवला. फोटोत फक्त मधले डबे दिसताहेत. गाडी भुसावळला येतेय की भुसावळहून निघालीय? तुम्ही म्हणाल, बाई, असं कसं सांगू? पण कोपऱ्यात शेवटच्या डब्यावरची 'एल.व्ही.' लिहिलेली पाटी दिसली, की चहाचा घोट संपायच्या आत सांगाल.

पॉझिट्रॉन सापडला तो अशाच एका फोटोत. आणि तिथेही वाद हाच होता, की गाडी कुठून कुठे चालली आहे.

वर्ष १९३२, गाव कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना. कार्ल अँडरसन हा २६ वर्षांचा तरुण आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे फोटो काढत होता. त्याच्याकडे क्लाउड चेंबर होतं, म्हणजे दमट हवेनं भरलेली काचेची डबी. आतली हवा झटकन फुगवली की ती गार पडते, आणि त्या वेळी तिच्यातून एखादा भारित कण गेला असेल तर त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते. थंडीत तोंडातून वाफ निघते ना, तसलीच ही वाफ, फक्त रेघेत ओढलेली. डबीभोवती जबरदस्त चुंबक होता. चुंबकामुळे ऋण भाराचे कण एका बाजूला वळतात आणि धन भाराचे दुसऱ्या. वेगवान कण थोडाच वाकतो, मंद कण जास्त.

फोटोंत दोन्ही बाजूंना वळलेल्या रेघा येऊ लागल्या. म्हणजे काही कण धन. पण थांबा. वरून खाली जाणारा ऋण कण ज्या बाजूला वळतो, नेमक्या त्याच बाजूला खालून वर जाणारा धन कण वळतो. दोघांची रेघ हुबेहूब एक. रेघेवर बाण काढलेला नसतो.

अँडरसनचे वरिष्ठ होते रॉबर्ट मिलिकन, नोबेल मिळालेलं मोठं प्रस्थ. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विश्वकिरण वरून येतात, सगळ्या जगाला माहीत आहे, तेव्हा हे कण खालीच चालले आहेत आणि ते धन आहेत, म्हणजे प्रोटॉन. अँडरसनला ते पटेना, कारण रेघा फार बारीक होत्या. जड, मंद प्रोटॉन भरघोस रेघ सोडतो. त्याला वाटत होतं की हे साधे इलेक्ट्रॉनच असावेत, कुठून तरी आदळून खालून वर उसळलेले. म्हणजे भाराबद्दल साहेब बरोबर आणि जातीबद्दल पोरगा बरोबर. प्रत्येकाच्या हातात निम्मं सत्य होतं.

भांडण मिटवायला अँडरसननं डबीच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी आडवी बसवली. २ ऑगस्ट १९३२ ला तो फोटो आला. पट्टीच्या खाली रेघ कमी वाकलेली, पट्टीच्या वर जास्त वाकलेली. हिशेब केला तर खाली ६.३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा, वर २.३ कोटी (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं माप). शिशातून जाताना कण थकतो, दमतो, ऊर्जा गमावतो. म्हणजे तो खालून आला आणि वर गेला. वर जाताना ज्या बाजूला वळला त्यावरून भार धन ठरला. आणि प्रोटॉन म्हणावा तर इतक्या वाकड्या वाटेचा प्रोटॉन त्या रेघेच्या एक दशांश अंतरही चालला नसता. उरला एकच पर्याय, धन भाराचा इलेक्ट्रॉन. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून तसा कण निघत होता, आणि १९३१ मध्ये त्यांनी तो असणार असं लिहूनही टाकलं होतं, पण अँडरसन काही त्याच्या शोधात निघाला नव्हता. त्याला फक्त गाडीची दिशा हवी होती. शिशाची पट्टी म्हणजे त्याची एल.व्ही.ची पाटी.

आता तुमचा 'उलटा काळ' याच फोटोवर बसवून बघू. तो फोटो म्हणजे सिनेमाची एक रीळ आहे असं धरा आणि ती उलटी चालवा. काय दिसेल? एक कण वरून खाली येतोय आणि ऋण भार असल्यासारखा वळतोय. म्हणजे साधा इलेक्ट्रॉन! रेघेचं वळण दोन्ही गोष्टींना सारखंच बसतं. 'पॉझिट्रॉन म्हणजे काळात उलटा जाणारा इलेक्ट्रॉन' या वाक्याचा पहिला अर्थ एवढाच. व्हिडिओवाला खोटं बोलला नाही.

दुसरा अर्थ जरा खोल आहे, आणि तो सांगायला मी गेल्या रविवारी चायना ग्रास लावलं. स्टीलच्या उभ्या पेल्यात दूध, साखर, चायना ग्रास. घट्ट झाल्यावर ताटलीत उपडं केलं, तर पांढराशुभ्र उभा खांब मिळाला. मग दाभणात लाल दोरा ओवला. तळातून शिरून तिरपं वर जात पाऊण उंचीवर कडेला बाहेर काढलं, तिथूनच परत आत खुपसून खाली पाव उंचीवर काढलं, आणि पुन्हा आत घालून थेट माथ्यातून बाहेर. एकच दोरा, पण मधला टाका उलटा, वरून खाली येणारा. नवऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलं. नातीला मात्र लगेच कळलं की काहीतरी कापायचं आहे.

तिच्या हातात सुरी दिली आणि म्हटलं, तळापासून एकेक चकती काप आणि लाल ठिपके मोज. चकती म्हणजे एक क्षण. पहिली चकती, एक ठिपका. दुसरी, एक. तिसरीला ती ओरडली, "आजी, तीन झाले!" मग काही चकत्या तीनच. त्यातले दोन ठिपके हळूहळू जवळ सरकत गेले, एका चकतीत एकमेकांना चिकटले, आणि पुढच्या चकतीत दोघेही गायब. पुन्हा एक. शेवटपर्यंत एकच.

चकत्यांत राहणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, काय दिसलं? आधी एक इलेक्ट्रॉन होता. अचानक रिकाम्या जागी एक जोडी जन्मली, त्यातला एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन. मग तो पॉझिट्रॉन पहिल्या इलेक्ट्रॉनला भेटला आणि दोघे नाहीसे झाले. खरोखर असंच घडतं, फक्त जोडी जन्मताना प्रकाशकणाची ऊर्जा खर्ची पडते आणि जोडी संपताना प्रकाशकण बाहेर पडतात. माझ्या दोऱ्याला तेवढी वळणावरची ठिणगी नव्हती. पण खांब अख्खा समोर ठेवून बघणाऱ्याला जन्म-मृत्यूची ही धांदल दिसतच नाही. त्याला दिसतो एकच सलग दोरा, ज्याचा मधला टाका उलटा आहे.

ही नजर आधी स्वित्झर्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ स्ट्युकेलबर्ग यांनी १९४१ मध्ये मांडली आणि १९४९ मध्ये अमेरिकेच्या रिचर्ड फाइनमन यांनी तिचं चोख गणित केलं. फाइनमन यांना कल्पना मिळाली ती त्यांचे गुरू जॉन व्हीलर यांच्या एका फोनवरून. व्हीलर म्हणाले, सगळे इलेक्ट्रॉन इतके तंतोतंत सारखे का आहेत ते मला कळलं, जगात इलेक्ट्रॉन एकच आहे, तोच पुढे-मागे फिरत राहतो! फाइनमन यांनी लगेच विचारलं, मग पॉझिट्रॉनही तितकेच हवेत, ते कुठे आहेत? एकच इलेक्ट्रॉन ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही, उलटा टाका तेवढा उचलला. १९६५ च्या नोबेल भाषणात त्यांनी हा किस्सा स्वतःच सांगितला आहे. माझं मत विचाराल तर गुरूची अचाट कल्पना अर्धीच घेणारा शिष्य हाच खरा शिष्य.

आता उद्याची बातमी. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियम-२२ ची शर्टाच्या बटणाएवढी चकती होती. तिच्यातून पॉझिट्रॉन निघतात. दर वर्षी मुलं तिच्यासमोर डिटेक्टर लावायची आणि पडद्यावर ५११ च्या आकड्यापाशी एक उंच सुळका उभा राहायचा. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन संपताना निघणाऱ्या प्रकाशाची ती सही, ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ते पॉझिट्रॉन आधी जन्मायचे, मग चकतीच्या वेष्टणात धडपडून मंदावायचे, मग मरायचे. याच क्रमानं, एकदाही उलटं नाही. चकतीही आमच्याबरोबर म्हातारी होत गेली, दर २.६ वर्षांनी निम्मी. दोऱ्याचा टाका उलटा आहे हा आपल्या हिशेबाचा भाग झाला. त्या टाक्यावरून कुणाला उद्याचा निरोप आजकडे पाठवता येत नाही, कारण चायना ग्रासच्या एकेका चकतीत पॉझिट्रॉन म्हणजे नुसता एक ठिपका, आजचे नियम पाळणारा.

जाता जाता, खरी मेख शिशात आहे. उलट्या रीळमध्ये तो इलेक्ट्रॉन पट्टीत २.३ कोटी घेऊन शिरतो आणि ६.३ कोटी घेऊन बाहेर पडतो. थंड शिशाच्या तुकड्यानं त्याला चार कोटींची दक्षिणा दिली! असं आपण कधी मानत नाही. पण शिशातली एकेक टक्कर सुटी घेतली तर ती उलटी व्हायला कुठल्या नियमाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती गर्दीची. कणानं जाताना असंख्य अणूंना धक्के दिले, इकडेतिकडे किरण उधळले. ते सगळं नेमक्या वेळी, नेमक्या कोनात परत गोळा होऊन एकाच इलेक्ट्रॉनला ढकलायला हवं. ओट्यावरून सांडलेली मोहरी आपण होऊन उडी मारून डब्यात जाऊ शकत नाही का? एकेका दाण्याचं म्हणाल तर शक्य आहे. सगळ्यांचं मिळून म्हणाल तर झाडू आणा. तेव्हा गार्डसाहेब, जो कण 'काळात उलटा' म्हणून मिरवतो, तो आपल्याला पहिल्यांदा ओळखू आला तो सांडलेल्या मोहरीच्या, अगदी स्वयंपाकघरातल्या काळामुळे.

आईचं (वय ७२) पेट स्कॅन झालं. माहितीपत्रकात 'पॉझिट्रॉन' शब्द होता. मुलानं मोबाइलवर शोधून सांगितलं की ते प्रतिद्रव्य असतं आणि द्रव्याला भिडलं की स्फोट होतो. आईला हे कळल्यापासून ती नातवाला जवळ घेत नाही. – एक वाचक, इचलकरंजी

आधी आईंना सांगा, नातवाला खुशाल मांडीवर घ्या. स्कॅननंतर काही तास लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायला सांगतात, ते तास तुमचं पत्र माझ्यापर्यंत यायच्या आत केव्हाच संपले.

प्रतिद्रव्य म्हणजे पॉझिट्रॉनसारख्या, उलट भाराच्या जुळ्या कणांचं (प्रतिकणांचं) द्रव्य. टोचलं ते प्रतिद्रव्य नव्हतं. ती एक साखर होती, ग्लुकोजसारखी, फक्त तिच्या एका जागी फ्लोरीन-१८ चा अणू बसवलेला. भुकेल्या पेशी साखर ओढून घेतात, गाठीच्या पेशी अधाशासारख्या ओढतात, म्हणून तर उपाशीपोटी बोलावतात आणि टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायला सांगतात. बोललात तर घशाचे स्नायूच साखर खाऊन बसायचे. माझ्या धाकट्या दिरांचं स्कॅन होतं तेव्हा त्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती, की सुई परवडली पण तासभर गप्प राहणं नको.

मग त्या फ्लोरीनच्या गाभ्यात एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि त्या क्षणी एक पॉझिट्रॉन जन्मतो. तो मिलिमीटरभर जातो न जातो तोच शेजारचा इलेक्ट्रॉन त्याला भेटतो आणि दोघांचे मिळून दोन गॅमा किरण होतात, जवळपास एकमेकांच्या उलट दिशांना सुटलेले. तेच ५११, आमच्या प्रयोगशाळेतल्या सुळक्याचं. यंत्राची गोल कडी एकाच वेळी समोरासमोर आलेले दोन ठोके पकडते आणि त्यांच्यामधून एक सरळ रेघ ओढते. अशा लक्षावधी रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे साखर जमली आहे. ज्याला तुमचा मुलगा स्फोट म्हणतो, तो हा. असे स्फोट झाले नसते तर डॉक्टरांना काहीच दिसलं नसतं.

किती होतं ते? नेहमीच्या डोसचा हिशेब मी कागदावर केला. त्यातलं फ्लोरीन-१८ एका ग्रॅमचा साधारण हजार कोटीवा भाग भरतं. ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी एक हजारांश भागही उरत नाही. म्हणूनच ते साठवून ठेवता येत नाही, सायक्लोट्रॉन नावाच्या, कणांना वेग देणाऱ्या यंत्रात रोज ताजं करावं लागतं, दुधासारखं. भारतातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला सुरू झालं.

आणि मुलाला एक गृहपाठ द्या. आपल्या सगळ्यांच्या अंगात पोटॅशियम असतं, केळ्यातून, बटाट्यातून आलेलं. त्यातला थोडा पोटॅशियम-४० किरणोत्सारी असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू मोडतात आणि त्यातल्या लाखातल्या एकातून पॉझिट्रॉन निघतो. म्हणजे मिनिटाला किती, ते त्यानं काढावं. नातवाच्या अंगातही तेच चाललंय, वजनाप्रमाणे थोडं कमी. आजीनं त्याच्यापासून लांब राहायचं, तर त्यानंही आजीपासून राहायला हवं!

मागच्या अंकात आपण लिहिलंत, 'कणांच्या पातळीवर काळाला दिशा नाही, चित्रफीत उलटी फिरवली तरी नियम तेच.' माफ करा, पण १९६४ चा केऑनचा प्रयोग आपण विसरलात का? मी हे अकरावीला शिकवतो, मुलं आपला स्तंभ वाचतात. – एक शिक्षक, डोंबिवली

विसरले नव्हते, सर. आळस केला. 'जवळजवळ' हा एक शब्द लिहायचा राहिला आणि तो शब्द किती महागाचा आहे ते मला माहीत असायला हवं होतं. तुमच्या मुलांसाठी आता नीट लिहिते.

तीन आरसे आहेत असं धरा. पहिला खरा आरसा, डावं-उजवं बदलणारा. दुसरा भाराचा, कणाच्या जागी प्रतिकण ठेवणारा. तिसरा काळाचा, रीळ उलटी फिरवणारा. भौतिकशास्त्रज्ञांना वाटायचं की निसर्गाला यातला कुठलाही आरसा चालतो, प्रतिबिंबातली घटनाही तितकीच शक्य असते. पहिला आरसा तडकला १९५७ च्या सुरुवातीला. ली आणि यांग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी शंका काढली होती, चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-६० चे अणू अतिथंड करून, चुंबकानं एका दिशेला लावून दाखवून दिलं की त्यांच्यातून इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त निघतात. ली-यांग यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. वू यांना मिळालं नाही, आणि शिकवताना या तासाला माझा आवाज दर वर्षी थोडा चढायचा.

मग सगळ्यांनी समजूत घातली की पहिला आणि दुसरा आरसा एकदम धरले, तर तरी चालेल. डावं-उजवंही बदला आणि कणाचा प्रतिकणही करा. ही समजूत सात वर्षं टिकली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनला जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि त्यांचे दोन सहकारी दीर्घायुषी केऑन तपासत होते. केऑन म्हणजे क्षणात मोडणारा एक कण, दीर्घायुषी म्हणजे त्यातली जरा जास्त टिकणारी जात, आणि पायॉन हा केऑनहून हलका कण. जोड-आरसा शाबूत असेल तर या केऑननं दोन पायॉनमध्ये फुटायचं नाही. २२,७०० मोडलेल्या केऑनांत ४५ दोन पायॉनमध्ये फुटलेले निघाले. हजारी दोन! एवढ्यावर नोबेल मिळालं, १९८० मध्ये.

यात काळ कुठे आला? १९५० च्या दशकात सिद्ध झालेलं एक प्रमेय म्हणतं की तिन्ही आरसे एकदम धरले तर प्रतिबिंब चाललंच पाहिजे. सापेक्षता आणि पुंजसिद्धांत (क्वांटम सिद्धांत) दोन्ही मानायचे तर यातून सुटका नाही. मग दोन आरशांत हजारी दोनची खोट आली, तर तिसऱ्यात तिची भरपाई करणारी खोट असायलाच हवी. म्हणजे रीळ उलटी फिरवली तर नियम किंचित वेगळे दिसणार. सर, इथेच मी चुकले.

पण प्रमेयाच्या भरवशावर मान्य करणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. तो प्रयोग यायला १९९८ उजाडलं. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीपीलीअर गटानं तो केला, आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. उदासीन, म्हणजे भार नसलेल्या केऑनची एक गोष्ट विलक्षण आहे, वाटेत चालता चालता त्याचा प्रतिकेऑन होतो, आणि प्रतिकेऑनचा केऑन. जाणं आणि येणं. जाण्याची रीळ उलटी फिरवली की येणं मिळतं, म्हणून काळाचा आरसा शाबूत असेल तर दोन्हींचा दर एकच हवा. त्यांनी प्रत्येक कणाचा जन्माचा दाखला तपासला, म्हणजे त्याच्याबरोबर कोण जन्मलं त्यावरून हा केऑन की प्रतिकेऑन ते ठरवलं. मग मृत्यूचा दाखला तपासला, मोडताना निघालेल्या इलेक्ट्रॉनचा भार धन की ऋण. दोन्ही दाखले जुळत नसतील तर वाटेत कायापालट झाला. मोजल्यावर दिसलं की प्रतिकेऑनचा केऑन जास्त वेळा होतो, उलटं कमी वेळा. फरक दोन्हींच्या बेरजेच्या हजारी साडेसहाच्या आसपास.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाबार प्रयोगानं बी मेसॉन नावाच्या, केऑनहून जड कणांमध्ये काळाच्या आरशाचा असाच तडा दाखवला, तोही शंकेला जागा न ठेवता. त्याच जातीचं काम जपानमध्ये त्सुकुबाला बेल आणि आता बेल-२ प्रयोगात चालतं. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी दोन्हींत आहेत. तुमच्या अकरावीतल्या एखाद्या मुलीला हे सांगा. डोंबिवलीहून कुलाबा काही फार लांब नाही, गर्दी सोडली तर.

आता माझी थोडी बाजू. मुलं हमखास विचारतील, 'मग सर, चहा थंड होतो तो या केऑनमुळे?' नाही. इथे मी हट्टानं उभी राहणार आहे. चहाची, मोहरीची, अँडरसनच्या शिशाची दिशा ही गर्दीची दिशा आहे. केऑनांनी आपला आरसा उद्या दुरुस्त करून घेतला तरी चहा थंडच होईल. हजारी साडेसहाचा तो फरक काही विरळ, अल्पायुषी कणांपुरता आहे. बशीतल्या चहात त्यांचा पत्ता नसतो. ही काळाची दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि व्हिडिओंत ती हमखास एका पातेल्यात शिजवतात. फाइनमनचा उलटा टाका हे तिसरंच.

मात्र चहा मुळात का आहे, हे विचारलंत तर गाडी परत केऑनच्या स्टेशनात येते. विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच बनायला हवं होतं. दोन्ही एकमेकांना भिडून संपले असते आणि नुसता प्रकाश उरला असता. आज जे दिसतं त्यावरून हिशेब लागतो तो असा, की शंभर कोटी प्रतिकणांमागे कण शंभर कोटी आणि एक होते. शंभर कोटी जोड्या जळून गेल्या. तो वरचा एक म्हणजे आपण, सह्याद्री, चहा आणि चायना ग्रास. १९६७ मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी दाखवलं की असा एकाचा पक्षपात व्हायचा तर ब्रुकहेवनला सापडलेला तडा ही त्यातली एक आवश्यक अट आहे. १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा या दोघा जपान्यांनी तड्याचं कारण सांगताना क्वार्कांच्या, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या कणांच्या, दोन-दोनच्या तीन पिढ्या हव्यात असं गणित मांडलं. तेव्हा क्वार्क तीनच ठाऊक होते! बाकीचे तीन नंतर एकेक करून सापडले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तरीही हिशेब जुळत नाही. त्या गणितातून निघणारा पक्षपात विश्वाला लागतो त्याच्यापुढे अगदीच तुटपुंजा आहे. २०२५ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात पहिल्यांदा बॅरिऑनमध्ये, म्हणजे प्रोटॉनच्या भाऊबंदात, कण आणि प्रतिकण मोडण्यातला फरक दिसला, अडीच टक्क्यांच्या आसपास. पण तोही कोबायाशी-मास्कावांच्या चौकटीत बसण्यासारखाच आहे. वरच्या एकाचा खरा हिशेब अजून कुणाच्या वहीत नाही. वर्गात हे सांगाल तेव्हा, सर, 'जवळजवळ' म्हणायला विसरू नका.

मी आठवीत आहे. प्रतिद्रव्य सोडलं तर ते वर जातं, अशी मी मित्राशी पैज लावली आहे. हरलो तर दोन वडापाव द्यायचे आहेत. कृपया लवकर उत्तर छापा. – एक विद्यार्थी, चिपळूण

तू हरलास. २०२३ मध्ये सर्नच्या अल्फा गटानं प्रतिहायड्रोजनचे अणू, म्हणजे प्रतिप्रोटॉनभोवती फिरणारा पॉझिट्रॉन, एका उभ्या नळीत चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरले. मग वरचा आणि खालचा चुंबक हळूहळू ढिला केला आणि अणू कुठल्या तोंडातून जास्त निसटतात ते मोजलं. बहुतेक खालून निसटले. प्रतिद्रव्यही पडतं, खालीच, कोकणातल्या आंब्यासारखं.

मात्र तुझा प्रश्न येडा नव्हता. हे कुणी असं थेट मोजून बघितलं नव्हतं, कारण असे अणू बनवणं आणि नळीच्या भिंतीला न लावता सांभाळणं हेच महाकठीण. १९९५ मध्ये सर्नमध्ये पहिल्यांदा बनले तेव्हा ते मोजून नऊ होते.

अल्फा गटाला प्रतिहायड्रोजनच्या पडण्याचं त्वरण मिळालं ते नेहमीच्या गुरुत्वाच्या ०.७५ पट, आणि त्यात ०.२ च्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतं. मित्राला हे सांगून दोनाऐवजी दीड वडापाववर तोड काढायचा विचार तुझ्या डोक्यात आलाच असेल. चालणार नाही. ०.२ ही ढिलाई म्हणजे पक्कं कुंपण नव्हे, खरा आकडा तिच्या थोडा बाहेरही असू शकतो, म्हणून पूर्ण एक पट या मोजमापाशी जुळतं. दोन दे, आणि चटणी सुकी घे.